वसंतराव नाईक: पुसदच्या कास्तकाराचे मवाळ राजकारण आणि त्याचा हिशेब

झिरोमाईल (धागाकर्ता):

नागपुरात ऑटोवाल्याला ‘वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था’ असे सांगितले तर तो बुचकळ्यात पडतो, आणि ‘मॉरिस कॉलेज’ म्हटले की मीटरकडे न बघता निघतो. पाटी बदलून बराच काळ लोटला, पण शहराने जुनेच नाव धरून ठेवले आहे. ज्यांचे नाव त्या पाटीवर आहे, ते याच कॉलेजचे विद्यार्थी होते. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात ‘कृषी दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी हारतुरे होतात आणि ‘हरितक्रांतीचे प्रणेते’ हे बिरूद पुन्हा एकदा छापून येते, पण त्या माणसाने राजकारण नेमके कसे केले, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

ओळखीपुरता तपशील असा. जन्म १९१३ चा, यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा वस्तीत. शिक्षणासाठी नागपूर, मॉरिस कॉलेजातून पदवी, मग येथेच कायद्याची पदवी, त्यानंतर वकिली. १९४१ मध्ये नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी विवाह झाला. तो काळ आंतरजातीय विवाह पचवण्याचा नव्हता. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ मध्ये ते आमदार झाले, तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती, त्यामुळे महसूल खात्याचे उपमंत्री म्हणून त्यांची प्रशासनाशी पहिली गाठ याच शहरात पडली. पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात सहकार आणि कृषी ही खाती त्यांच्याकडे आली, १९६० नंतर महसूल आले, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, ते त्या पदावर राहिले. सलग इतका काळ महाराष्ट्रात दुसरे कोणी राहिलेले नाही.

माझा मुद्दा या अकरा वर्षांच्या टिकण्याबद्दल आहे. ते यशवंतराव चव्हाणांसारखे वक्ते नव्हते आणि त्यांच्यामागे साखर कारखान्यांचा पट्टाही नव्हता. संख्येने लहान आणि राजकारणात तोवर नगण्य असलेल्या समाजातून ते आले होते. तरी १९६७ मध्ये विधानसभेच्या २७० पैकी २०३ आणि १९७२ मध्ये २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या, त्या ते मुख्यमंत्री असताना. त्यांना मवाळ म्हटले जाते ते बहुधा कौतुकाने, क्वचित हिणवण्यासाठी. मला वाटते की ही मवाळी शेतीतून आलेली होती. मृग हुकला तर आभाळाशी भांडून उपयोग नसतो, आणि शेजाऱ्याशी बांधावरून कायमचे वैर धरले तर ऐन पेरणीच्या वेळी बैलजोडी मागायला जाता येत नाही. ज्याने कोरडवाहू शेती पाहिली आहे, तो तडजोडीला दुबळेपणा समजत नाही.

मात्र या मवाळीची किंमतही कोणीतरी मोजली, आणि ती बहुतांशी आपल्या विदर्भाने मोजली, असा माझा संशय आहे. जाणकारांनी आपली मते मांडावीत. एकच विनंती आहे, की आजच्या पक्षांना यात ओढू नये.

पूसकाठ:

धागा चांगला आहे, पण ‘कास्तकाराचा मुलगा’ म्हणताना थोडी सावधगिरी हवी. आमच्या भागात कास्तकार म्हणजे चार एकरांचाही आणि चारशे एकरांचाही. नाईकांचे घराणे तांड्याचे नायकपण सांभाळणारे होते आणि जमीनजुमल्याने सुस्थितीत होते. आजोबा चतुरसिंग यांनी गहुली वसवली, वडील फुलसिंग नाईक. ‘नाईक’ हे आडनावही मुळात तांड्याच्या प्रमुखाचे पद होय.

हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. तांड्याचा नायक न्यायनिवाडा करतो, पण पोलिसासारखा नव्हे. दोन्ही बाजूंना बसवायचे, बोलू द्यायचे, दोघांचीही लाज राहील असा तोडगा काढायचा, आणि निर्णय झाल्यावर तो सगळ्यांनी पाळायचा, अशी ती रीत. त्यामुळे आपण ज्याला शेतीतून आलेली मवाळी म्हणता, ती मला तांड्याच्या पंचायतीतून आलेली वाटते. वकिलीने तिला कायद्याची भाषा दिली असावी. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली त्यांनी वकिलीचे धडे घेतले होते, हेही विसरू नये. पंजाबराव मवाळ नव्हते.

शेतीचे वेड मात्र खरेच होते. मुंबईतील मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाला ‘वर्षा’ हे नाव त्यांनीच दिले, आणि तेही मुख्यमंत्री होण्यापूर्वी, १९५६ मध्ये मंत्री म्हणून त्या बंगल्यात राहायला गेले तेव्हा. पुढे मुख्यमंत्रिपद मिळाल्यावर त्यांनी घर बदलले नाही, म्हणून तोच बंगला मुख्यमंत्र्यांचा झाला. समुद्राकाठच्या बंगल्याला पावसाचे नाव सुचणे हे कोरडवाहू मुलखातल्या माणसालाच जमावे.

जुनीफाईल:

मी नागपूर जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षे नोकरी केली, त्यामुळे माझे मत पक्षपाती समजावे. माझ्या मते नाईकांचे सर्वांत टिकाऊ काम त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या आधीचे आहे, आणि त्याची आठवण कृषी दिनाला कोणी काढत नाही.

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज सुचवले, तेव्हा तिचा भर तालुका पातळीवर, म्हणजे पंचायत समितीवर होता. जिल्हा पातळीवरची संस्था तिने देखरेख आणि सल्ल्यापुरती ठेवली होती. महाराष्ट्राने १९६० मध्ये आपली स्वतंत्र समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक होते. या समितीने उलट भूमिका घेतली. तालुका लहान पडतो, तेथे पुरेसे पैसे आणि जाणते अधिकारी दोन्ही पोचत नाहीत, म्हणून खरी सत्ता जिल्हा परिषदेला द्यावी, असे तिने सांगितले. त्यानुसार १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते, लहान पाटबंधारे, पशुसंवर्धन, शेतीचा विस्तार, ही सगळी कामे मंत्रालयातून निघून निवडून आलेल्या गावकऱ्यांकडे गेली.

समितीची दुसरी शिफारस मला अधिक धाडसी वाटते. आमदार आणि खासदार यांना जिल्हा परिषदेत बसू द्यायचे नाही, असे तिने ठरवले. आमदार आत आला की बाकीचे सदस्य मुके होतात, हे ज्याने एकदा तरी सभागृहाच्या मागच्या रांगेत बसून पाहिले आहे, त्याला या शिफारशीचे मोल कळेल. स्वतः मंत्री असलेल्या माणसाने स्वतःच्याच वर्गाला दाराबाहेर ठेवण्याची शिफारस करावी, याला मवाळी म्हणायचे की आणखी काही, ते वाचकांनी ठरवावे.

याचा राजकीय परिणामही झाला. तोवर गावातल्या महत्त्वाकांक्षी माणसासमोर सरपंचपदानंतर थेट आमदारकी होती, आणि ती मोजक्यांनाच मिळे. आता सभापती, विषय समिती, अध्यक्ष अशा मधल्या पायऱ्या तयार झाल्या. विरोधात जाऊ शकणारे शेकडो कर्तबगार लोक त्या पायऱ्यांवर सामावले गेले. १९७२ च्या २२२ जागांचे मूळ मला निम्मे तरी येथे दिसते. यात डाव होता का? असेल. पण त्या डावातून गावाला शाळेची खोली मिळाली.

पऱ्हाटी:

वरचे सगळे मान्य करून थोडे कडू लिहितो. आमचे गाव काटोलच्या पुढे, घरी कापूस आणि ज्वारी. संत्रा नंतर आला.

१९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर नाईकांनी जाहीर केले होते, की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. एरवी संयमाने बोलणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच इतके टोकाचे वाक्य उच्चारले आणि लोकांनी नेमके तेच लक्षात ठेवले. संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे वाण १९६४ मध्ये आले होते. सरकारने ते गावोगाव नेले, खत आणि कर्ज सोबत नेले, आणि उत्पादन खरोखर वाढले. आमची आजी मात्र त्या हायब्रीडची भाकर चिवट होते म्हणून शेवटपर्यंत कुरकुरत राहिली, आणि कडबा आखूड पडतो ही आजोबांची तक्रार होती. गावरान ज्वारी माणसांना आणि बैलांना दोघांनाही पोसत असे, हायब्रीडने बैलाचा वाटा कमी केला. फाइलीवर क्विंटल मोजले जातात, कडब्याच्या पेंढ्या मोजल्या जात नाहीत. त्यात वर लेव्ही होती. जे पिकवले त्यातले ठरलेले धान्य सरकारी भावाने द्यायचे, आणि बाजारातला भाव मात्र डोळ्यांसमोर दिसत राहायचा.

मग १९७२ आले. स्वयंपूर्ण होणारे राज्य परदेशी मिलो खात होते. लाल रंगाची ती ज्वारी आमच्याकडे पूर्वी कोणी जनावरालाही घातली नसती.

कापसाचेही तसेच. १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कल्पना शंभर टक्के शेतकऱ्याच्या बाजूची होती, कारण त्याआधी अडत्या कापडाखाली बोटे दाबून भाव ठरवायचा आणि मापात मारायचा तो वेगळाच. योजनेत हमी दर मिळाला आणि दलाल बाहेर गेला. पण त्याच्या जागी ग्रेडर आला. खरेदी केंद्रावर बैलबंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही, कापसाची प्रत ठरवताना ग्रेडरचा शब्द शेवटचा असे, आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्याने यायचा. वडिलांनी एका हंगामाचा शेवटचा हप्ता दुसऱ्या हंगामाची पेरणी झाल्यावर घेतला होता. योजनेचे अध्वर्यू मवाळ होते, पण योजनेत शेतकऱ्याला दुसरीकडे विकण्याची मुभाच नव्हती, ही गोष्ट मवाळ म्हणता येत नाही. २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली तोवर तो डोलारा कर्जात रुतला होता.

झिरोमाईल (धागाकर्ता):

पऱ्हाटी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. कडब्याचा मुद्दा मी आजवर कोठेही वाचलेला नव्हता. फाशीच्या वाक्याबद्दल मात्र वेगळे मत आहे. १९६५ पासून लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला, आणि शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी बांधलेला अंदाज जसा चुकतो तसा तो अंदाज चुकला. पण त्या घोषणेने कृषी खाते हलले, आणि एका अर्थाने कृषी विद्यापीठांचा प्रश्नही तातडीचा झाला.

त्या विद्यापीठांच्या प्रकरणात नाईकांची पद्धत सर्वांत स्पष्ट दिसते, चांगल्या आणि वाईट दोन्ही अंगांनी. राज्याला एक कृषी विद्यापीठ मिळायचे होते आणि ते राहुरीला जाणार अशी हवा होती. विदर्भाने अकोल्यासाठी आंदोलन उभे केले. १९६७ मध्ये गोळीबार झाला, माणसे मेली. मुख्यमंत्री विदर्भाचे होते, आणि गोळ्याही विदर्भातच झाडल्या गेल्या. पुढे १९६९ मध्ये अकोल्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, राहुरीलाही मिळाले, आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथेही झाली. भाकरीसाठी चार भाऊ भांडत असतील तर चार चुली मांडून द्यायच्या, असा हा तोडगा. प्रादेशिक हवामान आणि पिके लक्षात घेता तो शास्त्रीयदृष्ट्याही योग्य ठरला. पण तोच तोडगा माणसे मरण्यापूर्वी का सुचला नाही? मवाळ नेता सर्वांचे ऐकतो हे खरे. अडचण अशी, की मोठ्याने ओरडल्याशिवाय त्याला ऐकू जात नाही.

ता. क. नागपूरकरांना एक जुनी खंत आहेच. महाराजबागेचे आपले कृषी महाविद्यालय १९०६ चे, पण ते अकोल्याच्या विद्यापीठाखाली गेले.

वकीलपेठ:

धागाकर्त्यांनी विदर्भाने किंमत मोजली असे म्हटले आहे, तर ती आकड्यांतच पाहू. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासाची तूट, सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास होता. सर्वांत मोठी रक्कम सिंचनाची होती. हा अनुशेष एका दिवसात साचत नाही. राज्य स्थापन झाल्यापासून त्या अहवालापर्यंतच्या चोवीस वर्षांपैकी अकरा वर्षे आमचाच माणूस मुख्यमंत्री होता, आणि त्याआधी वर्षभर कन्नमवारही आमचेच होते.

विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्रातील नेत्यांमध्ये झालेल्या नागपूर कराराने १९५३ मध्ये समन्यायी वाट्याचे आश्वासन दिले होते. नाईकांनी ते नाकारले नाही आणि त्यासाठी भांडलेही नाहीत. त्यांचे बळ पश्चिम महाराष्ट्रातील आमदारांच्या संमतीवर उभे होते, आणि ‘हा विदर्भाचा’ असा शिक्का बसला असता तर ती संमती दुसऱ्या दिवशी राहिली नसती. ज्या गुणामुळे ते टिकले, त्याच गुणामुळे त्यांना आपल्या प्रदेशासाठी हट्ट धरता आला नाही. याचे उत्तर नागपूरने १९७१ मध्ये दिले. यवतमाळचेच जांबुवंतराव धोटे, स्वभावाने नाईकांच्या अगदी उलट, वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन इंदिरा लाटेतही नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले. एका जिल्ह्याने एकाच काळात असे दोन नेते द्यावेत, हा योगायोगही मोठाच.

पूसकाठ:

वकीलपेठ, आपला आकडा बरोबर आहे, पण पाण्याचा दोष एकट्या नाईकांवर टाकता येणार नाही. कोयना, उजनी, जायकवाडी यांचे आराखडे आणि त्यांमागचे लाभधारक संघटित होते. आमच्याकडे मागणीच क्षीण होती. काळी जमीन पाणी धरते, कालव्याच्या पाण्याने ती चिबडते, आणि कापसाला कालवा कशाला, असे म्हणणारे जाणते कास्तकार मी लहानपणी ऐकले आहेत. पुढाऱ्यांना तेवढे निमित्त पुरले.

महालकर:

आतापर्यंत चर्चा फार ग्रामीण झाली आहे, म्हणून शहराकडून दोन वाक्ये. मुंबईत १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि डाव्या कामगार संघटनांविरुद्ध वाढली, तेव्हा सरकारने तिच्याकडे इतक्या सौम्यपणे पाहिले की टीकाकार तिला ‘वसंतसेना’ म्हणू लागले. बॅकबे रेक्लमेशनमधील भूखंड लिलाव न करता दिल्यावरूनही सरकारवर टीका झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. नवी मुंबईसाठी १९७० मध्ये सिडको स्थापन करणारे सरकार हेच, हेही खरे. गावाला मवाळ असलेला नेता शहरात कोणाशी मवाळ होता, हा प्रश्न या धाग्यात कोणीतरी विचारायलाच हवा होता.

जुनीफाईल:

महालकरांचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. रोजगार हमीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून पुन्हा आलो.

ही कल्पना नाईकांची नव्हे. ती विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यात तिचे लहान प्रमाणावर प्रयोग झाले होते. १९७२ मध्ये योजना हाती घेतली आणि त्याच वर्षी दुष्काळाने तिला गाठले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते आणि दुपारी सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ. मजुरी तुटपुंजी होती, मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, खोटी नावे होती, आणि कोठे कोठे खडीचे ढीग तसेच पडून राहिले. तरी एवढ्या मोठ्या दुष्काळात सामूहिक भूकबळींचे दृश्य राज्याने पाहिले नाही, याची दखल पुढे अर्थतज्ज्ञांनीही घेतली. कायदा १९७७ चा, आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून, म्हणजे नाईक पायउतार झाल्यावर. ‘मागेल त्याला काम’ हा कायदेशीर हक्क देशाला मिळायला २००५ उजाडले.

मला येथे त्यांचा गुण दिसतो तो असा, की दुसऱ्याची कल्पना दुसऱ्याच्याच नावाने चालू दिली. आजही ती पाग्यांची योजना म्हणूनच ओळखली जाते. मुख्यमंत्र्याच्या हाती प्रसिद्धीची सगळी साधने असताना असे होत नाही.

पऱ्हाटी:

जुनीफाईल यांनी दुष्काळी कामांचा विषय काढला म्हणून राहवले नाही. आमच्या गावच्या पाझर तलावाच्या बांधावर १९७३ मध्ये माझी आई टोपली घेऊन होती, तेव्हा माझा मोठा भाऊ झोळीत होता. मी वर एवढी टीका केली, पण घरात नाईकांबद्दल कोणी वाईट बोलले की ती गप्प उठून आत जायची. १९७५ मध्ये दिल्लीहून नाव बदलले आणि शंकरराव चव्हाण आले, तेव्हा नाईकांनी बंड केले नाही, गट फोडला नाही. १९७७ मध्ये काँग्रेस सगळीकडे आपटत असताना ते वाशीममधून लोकसभेवर गेले, आणि १९७९ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरला वारले.

तलाव अजून आहे. पूर्वी होळीपर्यंत पाणी असायचे, आता जानेवारीत तळ दिसतो, कारण पन्नास वर्षांत गाळ एकदाच काढला. गेल्या उन्हाळ्यात ग्रामसभेत ठराव झाला, की गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने उचलावा. वरच्या आळीचे म्हणाले, गाळ आमच्याच शेतातून वाहून आला, तेव्हा तो आधी आम्हाला. खालच्या आळीचे म्हणाले, तलावासाठी जमीन आमची गेली. दोन ट्रॅक्टर समोरासमोर उभे राहिले. शेवटी सरपंचबाईंनी दोन्ही आळींना एकाआड एक दिवस वाटून दिला, आणि रविवारी कोणीच न्यायचा नाही असे ठरले.